कार्ड मागणाऱ्यांनी आधी ते घरपोच करावं

रविवारी आमच्या मंडळाच्या जेवणात पुन्हा तोच विषय निघाला. मतदानाला ओळखपत्र मागितलं तर अमेरिकेत एवढा गदारोळ का होतो? एक काका म्हणाले, "अगं, आपल्याकडे डोंगरातल्या पाड्यावरची म्हातारी कार्ड घेऊन रांगेत उभी राहते. इथे गाड्या आहेत, इंटरनेट आहे, सगळं आहे. आणि यांना एक कार्ड काढता येत नाही?" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन-तीन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. तिथे वाढपाच्या गडबडीत धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

इथे टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये आमच्या दोन घरं पलीकडे एक आजी राहतात. जन्म १९४४ चा, लुइझियानामधल्या एका खेड्यात, घरीच, सुईणीच्या हातून. कृष्णवर्णीय कुटुंब, त्या काळचा दक्षिण भाग. जन्माची नोंद करायला कुणी कचेरीत गेलं नाही आणि कचेरीतूनही कुणी आलं नाही. त्या पिढीतले असे कितीतरी लोक आहेत, ज्यांचा जन्मदाखला कधी तयारच झाला नाही. आजींनी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, कर भरला, सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचा, नंबर मिळवला. गाडी कधी चालवली नाही, ती नवरा चालवायचा. जुनं राज्याचं ओळखपत्र होतं, ते पर्ससकट चोरीला गेलं. नवरा गेल्यावर मुलीकडे टेक्ससला राहायला आल्या, आणि इथे त्यांना कळलं की कागदोपत्री आपण कुणीच नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की अमेरिकेत आधारसारखं, सगळ्या देशाला चालणारं एकच कार्ड नाही. सोशल सिक्युरिटी कार्डावर फोटोच नसतो. १९४६ पासून १९७२ पर्यंत तर 'हे ओळखपत्र म्हणून वापरू नये' असं त्या कार्डावर छापलेलं असायचं. प्रत्यक्षात ओळख म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, आणि ते प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या खिशात ओळख आपोआप येते. गाडी नसेल तर वेगळं ओळखपत्र काढायला जावं लागतं. टेक्ससमध्ये डीपीएसच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या, ऑफिसात, ऑनलाइन वेळ घेऊन, आणि तिथे पोचायला बहुतेक ठिकाणी गाडीच लागते. या राज्यात २५४ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत आणि त्यातल्या कित्येकांत डीपीएसचं ऑफिसच नाही.

बरं, ऑफिसात पोचल्यावर म्हणतात, जन्मदाखला आणा. दाखल्यासाठी अर्ज केला की म्हणतात, फोटो ओळखपत्राची प्रत जोडा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आजींचा तर मुळात दाखलाच नव्हता, तो 'उशिरा नोंदवलेला जन्म' म्हणून नव्याने करून घ्यायचा होता. त्यासाठी लहानपणचे पुरावे लागतात. वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

त्या दिवशी आजींनी एक निळा गोल डबा माझ्यासमोर ठेवला. लोण्याच्या बिस्किटांचा, आपल्या घरोघरी ज्यात सुया-दोरे आणि बटणं असतात तोच. आत चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा चतकोर कागद, घड्यांवर फाटलेला. आणि घरच्या बायबलचं सुटं झालेलं पान. त्यावर त्यांच्या आईने शाईने सातही मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहिलेल्या. आजींच्या नावात तिथे एक अक्षर जास्त आहे, सोशल सिक्युरिटीत एक कमी. त्या एका अक्षरासाठी आमचे दोन महिने गेले. शेवटी उपयोगी पडली १९५० ची जनगणना. अमेरिकेत जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली करतात, ती २०२२ मध्ये झाली. रात्री माझ्या लॅपटॉपवर ते हाताने भरलेलं पान सापडलं. गणना करणाऱ्याच्या तिरक्या अक्षरात वडिलांचं नाव, आईचं, मग मुलांची रांग. आजींच्या ओळीत वय पाच. आजी स्क्रीनजवळ वाकल्या, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाल्या, "बघ बेबी, मी होते तिथे."

अशा माणसाला 'एक कार्ड काढता येत नाही?' असं विचारायची माझी हिंमत होत नाही.

आता मतदानाचं. आजींना १९६५ मध्ये २१ वर्षं पूर्ण झाली. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि त्याच वर्षी वंशावरून मत नाकारायला बंदी घालणारा व्होटिंग राइट्स ॲक्ट आला. त्यांच्या आईला नोंदणीच्या टेबलावर राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ सांगायला लावून परत पाठवलं होतं. ती माउली मत न देताच गेली. आजींनी मात्र तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही. लुइझियानातही ओळखपत्र मागतात, पण नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं. टेक्ससमध्ये पहिल्यांदा मतदानाला गेल्या तेव्हा दारावर सात ओळखपत्रांची यादी लावलेली होती. आजींकडे त्यातलं एकही नव्हतं. टेबलावरच्या माणसाने यादीकडे बोट दाखवलं आणि आजी घरी आल्या. त्यांच्या पर्समध्ये मतदार नोंदणीचं कार्ड होतं. कायद्याने ते कार्ड दाखवून, 'मला ओळखपत्र मिळवण्यात अमुक अडचण आहे' असा फॉर्म भरून त्यांना त्याच दिवशी मत देता आलं असतं. हे मला नंतर कळलं. त्यांना तिथे कुणी सांगितलं नाही. त्यांनी मुलीलासुद्धा महिनाभर काही सांगितलं नाही, कारण त्यांना लाज वाटली. लाज! साठ वर्षं मत देणाऱ्या बाईला.

तो फॉर्मही सहज आलेला नाही. टेक्ससने २०११ मध्ये मतदानाला ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा केला तेव्हा बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालत होता, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हतं. आजही हेच आहे. २०१४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकालात म्हटलं की नोंदणी झालेल्या सुमारे सहा लाख मतदारांकडे यातलं एकही ओळखपत्र नाही. वरची कोर्टं झाली आणि मग २०१७ च्या दुरुस्तीत हा फॉर्म कायद्यात आला. आडगावी राहणाऱ्या माणसाला तो कुणी समजावून सांगत नसेल तर तो असून काय उपयोग?

इंडियानाचा प्रसंग मला नेहमी आठवतो. तिथला असाच कायदा २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने उचलून धरला. राज्याच्या इतिहासात मतदान केंद्रावर तोतया मतदार सापडल्याचा एकही पुरावा नोंदीत नाही, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. पुढच्याच आठवड्यात साउथ बेंडमध्ये साधारण डझनभर वृद्ध नन्स मतदानाला आल्या. काही नव्वदीच्या पुढच्या. मतदान केंद्र त्यांच्याच मठात होतं, टेबलावर त्यांच्याच संघातली सिस्टर बसलेली. रोजच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्यांना तिला ओळखपत्राअभावी मत नाकारावं लागलं. नॉर्थ डकोटात २०१८ मध्ये ओळखपत्रावर घराचा रस्त्यासकट पत्ता हवा असा नियम लागू झाला. आदिवासींच्या राखीव भूमीवर (रिझर्व्हेशन्सवर) कितीतरी घरांना रस्त्याचं नावच नाही, लोकांची पत्रं पोस्टाच्या बॉक्सवर येतात. टर्टल माउंटन या तिथल्या आदिवासी समाजाने आपल्या लोकांसाठी इतकी ओळखपत्रं छापली की छापायचं यंत्र तापून बंद पडलं. पण तिथे निदान त्या समाजाचं प्रशासन लोकांच्या मागे उभं राहिलं.

मतदान दोन-चार वर्षांनी येतं, बाकीचं रोजचं आहे. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेदनेच्या तीव्र गोळ्यांसाठी फार्मसीने ओळखपत्र मागितलं. सर्दीच्या एका साध्या गोळीसाठीसुद्धा इथे ते दाखवावं लागतं, कारण तिच्यातल्या औषधापासून मेथ नावाचा अमली पदार्थ बनवतात. नवऱ्याबरोबरचं जॉइंट खातं त्यांना स्वतःच्या नावावर करून घेता येईना. ज्येष्ठांच्या स्वस्त घरांच्या यादीत नाव लागेना. मे २०२५ पासून विमानतळावर रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या कडक नियमांनुसार राज्याने दिलेलं ओळखपत्र, मागायला लागले, तेव्हा त्यांनी अटलांटाच्या नातीकडे जायचं मनातून काढून टाकलं. ज्याला नवी नोकरी लागलीये त्याला तर कागदांशिवाय कामावरच घेत नाहीत. तुरुंगातून सुटणारे, रस्त्यावर राहणारे (पोलिसांनी तंबू हटवले की कागदही कचऱ्यात जातात), मारहाणीतून नेसत्या कपड्यांनिशी निघालेल्या बायका, यांचं काय होत असेल ते मला आता थोडंफार कळतं.

काकांचा दुसरा मुद्दा होता की खोटं मतदान थांबायला नको का? थांबायला हवं, त्यात दुमत नाही. पण कॅन्ससने २०१३ पासून नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद मागितला तेव्हा ३१ हजार अर्ज अडकले. कोर्टात आकडे आले तेव्हा १९ वर्षांत यादीत शिरलेले परदेशी जास्तीत जास्त ३९ निघाले. ३९ जणांसाठी ३१ हजार लोकांना दाराबाहेर ठेवायचं? दुसरी बाजूही सांगते. २००८ ते २०१८ मधल्या देशभरातल्या मतदारांचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्यात अशा कायद्यांनी एकूण मतदान फारसं घटल्याचं दिसलं नाही. मी ते मानते. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की हे कायदे आल्याने गैरप्रकारही काही कमी झाले नाहीत. आणि घरी परत गेलेल्या आजी मला कुठल्याच टक्केवारीत दिसत नाहीत.

आता पाड्यावरच्या म्हातारीचं. काका, तिच्याकडे कार्ड आहे कारण ते तिच्यापर्यंत गेलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी १९९३ मध्ये मतदार ओळखपत्रं सुरू केली, त्यानंतर आमच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात पांढरा पडदा बांधून फोटोवाला बसला होता. माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. 'मोठ्या पुराच्या साली' एवढंच सांगायची. कुणी तिला दाखला आण म्हटलं नाही; वय अंदाजे लिहिलं. ठेवणीतलं जांभळं नऊवारी नेसून गेली होती ती फोटोला. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, त्यासाठी पंतप्रधान गावात गेले होते. आपल्याकडेही बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून रेशन अडतं, यादीतून नावं गळतात, ते मी विसरलेली नाही. पण कार्ड मागायचं तर ते द्यायची जबाबदारी सरकारची, एवढं तरी आपण धरून चाललो. इथे ती जबाबदारी ऐंशी वर्षांच्या बाईवर टाकलीये. माझं भांडण कार्डाशी नाही, याच्याशी आहे.

आणि हे सगळं 'त्यांचं' आहे असं समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, सेव्ह ॲक्ट मंजूर केला. त्यात मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद दाखवायची अट आहे. आपल्या वहिनींकडे बघा. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं नाव दुसरं, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, जन्मदाखल्यावर फक्त 'मुलगी'. माझ्या स्वतःच्या तीन कागदांवर तीन नावं आहेत. माझ्याकडे पासपोर्ट आहे आणि वकिलाला द्यायला पैसे आहेत, म्हणून माझं निभावतं.

टेक्ससमध्ये तुमच्या ओळखीत कुणी ओळखपत्राशिवाय असेल तर एवढंच सांगा: मतदान केंद्रावर 'रीझनेबल इम्पेडिमेंट डिक्लरेशन' हे नाव घेऊन फॉर्म मागायचा, सोबत मतदार कार्ड, विजेचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट न्यायचं. ह्यूस्टनमध्ये ज्यांना आठवड्यातली एखादी सकाळ मोकळी असते त्यांनी मला मेसेज करा. डीपीएसला सोडायला माणसं हवी आहेत, यादीत अजून चार जण आहेत.

आजींचा जन्मदाखला आठ महिन्यांनी गेल्या आठवड्यात पोस्टाने आला. गुरुवारी सकाळी साडेआठची वेळ मिळालीये. फोटोसाठी त्यांनी निळा ब्लाउज आत्ताच इस्त्री करून दाराच्या मागे लावून ठेवलाय.