पश्चिमेची भिंत

आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या घरात मे महिन्यात रात्री दहाला भिंत तापते. दुपारी नाही, रात्री दहाला. दुपारी जेवून मी त्याच भिंतीला पाठ टेकून पेंगतो तेव्हा ती बऱ्यापैकी गार असते. रात्री अंथरुणावर पडलो की मात्र उशाशी कोणी काहील तापत ठेवलीय असं वाटतं.

"अहो, हात लावून बघा. भाकरी भाजेल हिच्यावर," बायको म्हणाली.

"बघतो," मी म्हटलं. त्या एका शब्दात माझे पुढचे आठ दिवस गेले.

मी कुंडईच्या एका कारखान्यात पंप सांभाळतो. पण कॉलेजात कधीतरी उष्णतेचं समीकरण सोडवलं होतं, आणि असली शिकलेली गोष्ट अंगात फार वर्षं दबा धरून बसते. भिंत लांब-रुंद असली तरी उष्णता बाहेरून आत, एकाच दिशेने जाते. म्हणजे एकच मिती. त्यात काळ मिसळला की झालं. रविवारच्या सकाळचं काम! चिऱ्याची भिंत पट्टीने मोजली तर प्लास्टर सोडून २३ सेंटीमीटर भरली. चिऱ्यातून उष्णता पसरण्याचा आकडा अंदाजाने सेकंदाला अर्धा चौरस मिलिमीटर धरला.

मग असली समीकरणं सोडवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याने पहिल्या पडद्यावर विमानाचा पंख दाखवला, दुसऱ्यावर पुलाचा खांब. रेघ कुठेच नाही. रेघेसारखी क्षुद्र वस्तू कोणी आणेल अशी त्याची अपेक्षाच नसावी. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत गेला तेव्हा मी बसलो होतो, आणि संध्याकाळी तो परत आला तेव्हा कुठे माझी भिंत दहा तुकड्यांची, अकरा बिंदूंची एक रेघ झाली. अकरा अज्ञातं! वहीच्या एका पानावर मावली असती. पण वहीत लिहिलं तर बायकोला ते काम वाटत नाही.

वस्तूचे असे तुकडे पाडून गणित सोडवायच्या या पद्धतीची गंमत अशी की प्रत्येक बिंदूवर एक छोटा तंबू ठोकायचा. आपल्या बिंदूवर त्याची उंची एक, शेजाऱ्यांच्या बिंदूंवर शून्य. मग तापमान म्हणजे कमी-जास्त उंच केलेल्या अशा तंबूंची बेरीज. गणिती रिचर्ड कूरांटने असले सरळ तुकडे १९४३ मध्ये वापरले, आणि पद्धतीला 'फायनाईट एलिमेंट' हे नाव अभियंता रे क्लफने १९६० मध्ये ठेवलं, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या वर्षभर आधी. जागेचे तुकडे झाले की काळ उरतो. तो पावलापावलाने चालवायचा, आणि घात होतो तो इथेच.

मी दहा-दहा मिनिटांची पावलं टाकली, आणि तीही सोप्या पद्धतीने: आत्ताचं तापमान बघून पुढचं काढायचं. दीड तासात भिंत सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा गरम झाली. पुढच्या पावलाला उणे काही लाख. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच बजावून ठेवलंय की तुकडा बारीक तर पाऊलही बारीक हवं. माझ्या तुकड्यांना त्या पद्धतीत जेमतेम तीन मिनिटांचं पाऊल चालतं.

मग मागून चालणारी पद्धत घेतली: पुढचं तापमान अज्ञात धरून समीकरणं सोडवायची. तिच्यात पाऊल कितीही मोठं टाका, गणित फुटत नाही. ते फुटलं नाही, पण हललंही नाही. दिवस गेला, रात्र गेली, भिंत जिथली तिथे. दोन संध्याकाळी डोकं फोडल्यावर कळलं की नवं उत्तर जुन्याच्या जागी ठेवायची एक ओळ मी लिहिलीच नव्हती. माझी भिंत शेजारच्या आजोबांसारखी दर पावलाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होती.

ती ओळ घातली. आता काटेकोरपणा म्हणून पाऊल दहा सेकंदांचं केलं. भिंत सगळीकडे २८ अंश, बाहेरून एकदम ४८ अंशांचं ऊन. पहिल्याच पावलात बाहेरून दुसरा बिंदू २३ वर उतरला.

ऊन पडल्यावर भिंत गार! मी चष्मा पुसला. पावलं आणखी बारीक केली तर ती आणखी गार होऊ लागली. शेवटी कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. या तंबूंची वजनं शेजाऱ्यांत वाटली जातात, त्यामुळे पाऊल फार लहान असलं की एका बिंदूला वर ढकलताना शेजारचा खाली दबतो. ते टाळायचं तर माझ्या तुकड्यांना किमान तीन मिनिटांचं पाऊल हवं. त्याहून लहान टाकायचं असेल तर प्रत्येक तंबूचं वजन त्याच्याच बिंदूवर गोळा करावं लागतं. तीच ती तीन मिनिटं! एका पद्धतीत ओलांडायची नाहीत, दुसरीत त्यांच्या खाली यायचं नाही. हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर मी आठ दिवसांत एखादा पंखा तरी दुरुस्त केला असता.

(फूरिये, ज्याने १८२२ मध्ये उष्णतेवर ग्रंथ काढला, तो इजिप्तहून परतल्यावर खोली तापवून, अंगावर कपडे लपेटून बसायचा म्हणतात. त्याला आमची ही खोली मी आनंदाने दिली असती.)

पाच मिनिटांची पावलं घेतली. एकदम पडणाऱ्या उन्हाऐवजी दिवसाचं चढतं-उतरतं ऊन दिलं, आतल्या बाजूला खोलीची हवा. बाहेरचा पृष्ठभाग चारच्या सुमाराला सर्वात तापतो असं धरलं. आलेख निघाला: आतली बाजू सर्वात गरम रात्री सव्वादहाला. मी लॅपटॉप घेऊन धावत गेलो.

"सव्वादहाला!" मी म्हणालो. "अगं, सहा तास लागतात तिला आत यायला!"

"मी दहा म्हटलं होतं," बायको म्हणाली. "मेस्त येऊन गेला दुपारी."

मेस्ताने, म्हणजे आमच्या मिस्त्रीने, भिंतीला हात लावला नव्हता, पट्टीही काढली नव्हती. नुसतं म्हणाला होता, "भायल्यान चुडतांचीं मल्लां बांदात, जालें." विणलेल्या झावळ्यांचा आडोसा! तो तिने बांधूनही घेतला होता.

मी लगेच झावळ्यांचा एक थर माझ्या रेघेच्या डाव्या टोकाला कुठे घालता येईल ते बघू लागलो.

"आणि पावसात ही भिंत ओली होते ती?" तिने विचारलं.

"ओल पसरते तीही साधारण याच समीकरणाने," मी हुरूपाने सांगितलं. "फक्त आकडा बदलायचा."

"नको," ती म्हणाली. "मेस्ताला शनिवारी बोलावलंय."