5 रुपयाच्या 'एरर' नाण्यावरून आलेल्या 1 स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की महाद्वार रोडच्या आमच्या दुकानात तुम्ही 5 रुपयाचं जाड नाणं आणलं, व्हिडिओत असल्या एरर कॉइनला, म्हणजे टांकसाळीतच चुकीच्या पडलेल्या नाण्याला, लाखाचा भाव सांगितलाय आणि आम्ही 'दाबलेलं आहे, किंमत 5 रुपयेच' म्हणून परत दिलं, म्हणजे स्वस्तात लाटायचा डाव. आता बघा, लाटायचंच असतं तर शे-दोनशे हातावर टेकवले असते की ओ, आम्ही विकत मागितलंच नाही.

वजन 9 ग्रॅम बरोबर भरलं यावर तुमचा सगळा जोर आहे. पण दाबल्यानं धातू कुठं जात नाही, वजन तेवढंच राहतं. घासलेलं किंवा ॲसिडात टाकलेलं असतं तर काट्यावर कळलं असतं.

तुम्ही तुमच्या नाण्यावरच्या उलट्या छापाला ब्रॉकेज म्हणताय, ती टांकसाळीतली चूक कशी होते, तर आधीचं नाणं डायला, म्हणजे छाप उठवणाऱ्या ठशाला, चिकटून बसतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्या नाण्याचाच छाप पडतो, उलटा आणि खोल. डाय झाकला गेला की तेवढ्या भागात 5 चा आकडा उमटणारच कसा? तुमच्याकडं आकडा जागेवर आहे आणि त्याच्याच अंगावर 'भारत' उलटं, अर्धवट दाबलंय. म्हणजे नाणं आधी नीट पडलं, मार नंतर बसला. पलटून बघा, सिंहांची तोंडं सपाट होऊन चमकायला लागलीत आणि वर बारीक आडव्या रेघा आहेत, त्या व्हाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याच्या, जबड्याच्या. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपात दोन नाणी व्हाइसमध्ये आवळली की झालं तयार. तुम्ही केलंय असं म्हणत नाही हां, सुट्ट्या पैशात आलं असेल.

तुमच्या दुसऱ्या, कड कापलेल्या रुपयाच्या नाण्याचंही तेच, टांकसाळीतच चकती अपुरी निघाली असती तर कापाच्या बरोबर समोरची कड बहुतेक वेळा फिकी उठते, तुमची सगळीकडनं कडक आहे.

आणि कुणीतरी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून रजिस्ट्रेशनचे पैसे मागतंय म्हणालात, ते अजिबात भरू नका. 'जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारात आम्ही पडत नाही, कमिशनही घेत नाही' असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. दुसरीकडं दाखवायचं तर खुशाल दाखवा, फक्त आधी पितांबरीनं घासू नका, त्या रेघा पुसल्या तर पुढच्या माणसालाही नीट सांगता येणार नाही.