सिस्टर खुर्ची ओढून बसल्या

धाकटा परवा तीन महिन्यांचा झाला. लिहायचं कधीचं मनात होतं पण दोन लेकरं, त्यात मोठीची शाळा, हात रिकामाच होत नव्हता. आज तो झोपलाय तेवढ्यात लिहून काढते. पोस्ट मोठी आहे, पण कुणाला सातवा-आठवा लागला असेल तर तिने पूर्ण वाचा आणि जमलं तर सासूलाही वाचून दाखवा.

माझी पहिली डिलिव्हरी पाच वर्षांपूर्वी झाली. नॉर्मल झाली, बाळ चांगलं, मी चांगली, सगळे म्हणाले देवाची कृपा, आणि ती होतीच. पण आत काय झालं ते मी कुणाला बोललेच नव्हते. कळा सुरू झाल्यावर टेबलवर उताणी झोपवलं ते शेवटपर्यंत उठू दिलं नाही. सलाईनमधून कळा वाढवायचं औषध सोडलं, का ते सांगितलं नाही. आई बाहेर बाकड्यावर, हे बाहेर, आत मी एकटी, आणि थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी नवीनच यायचं, न विचारता तपासायचं आणि 'वेळ आहे अजून' म्हणून निघून जायचं. ओरडले तर 'सगळ्याच बायका बाळंत होतात' म्हणून गप्प केलं. खाली कात्री लावली हे मला टाके घालताना कळलं. दीड महिना धड मांडी घालून बसता आलं नाही. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही, माझ्या चारपाच मैत्रिणींनी असंच सांगितलंय.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी तो टेबलच डोळ्यासमोर आला. मग ओळखीतून कळलं की मिरजेत एका दवाखान्यात बाळंतपणासाठी मिडवाइफ सिस्टर आहेत. घरी सांगितलं तर आत्या (सासूबाई, आम्ही आत्याच म्हणतो) एकदम म्हणाल्या, "सुईण? मिरजेत एवढे डॉक्टर असताना सुईणीकडं कशाला?" त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. तासगावकडच्या गावात त्यांची थोरली बहीण घरी बाळंत होताना रक्त जाऊन गेली, बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. जुन्या काळच्या सुईणीचं गोडवं गाणारं कुणी भेटलं की मला त्या मावशी आठवतात.

म्हणून एका तपासणीला आत्यांनाच सोबत नेलं. सिस्टरांनी त्यांना नीट बसवून सांगितलं, की मी नर्स आहे, वर बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलंय, डॉक्टर ह्याच इमारतीत असतात, आणि बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, बाळाचं डोकं खाली, यातलं काही बिघडलं तर मी केस माझ्याकडं ठेवत नाही. नंतर मी वाचलं तर २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच मिडवाइफरीच्या गाइडलाइन काढल्यात, नर्सचं शिक्षण झाल्यावर वर १८ महिन्यांचं ट्रेनिंग, पण आपल्याकडं किती बायकांना हे माहिती आहे? मला तरी दुसऱ्या खेपेपर्यंत माहिती नव्हतं.

कळा रात्री साडेअकराला सुरू झाल्या. ऐन द्राक्षाचा सीझन, हे बागेतून नुकते आलेले, तसेच गाडी काढून निघालो. पोचल्यावर सिस्टरांनी आधी काही केलं नाही, खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसल्या. एक कळ आली, गेली, मग म्हणाल्या, "आता तपासू का? दुखलं तर सांगा, मी थांबते." पहिल्या वेळी एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर!

मग पहाटेपर्यंत मी व्हरांड्यात फिरले, लिंबू सरबत प्यायले, कळ आली की आत्यांच्या खांद्यावर डोकं टेकायचं आणि त्या कंबर दाबायच्या. दर अर्ध्या तासाने सिस्टर पोटाला मशीन लावून बाळाचे ठोके ऐकायच्या, लिहून ठेवायच्या, आम्हालाही ऐकवायच्या. बाकी वेळ त्या नुसत्या बसल्या होत्या. ते नुसतं बसणं किती मोठं काम आहे हे मला शब्दात सांगता येणार नाही. चारच्या सुमारास मी रडायला लागले, म्हणाले मला नाही जमणार, सिझर करा. त्या म्हणाल्या, "असं वाटायला लागलं म्हणजे बाळ जवळ आलंय," आणि खरंच थोड्याच वेळात जोर आपोआप यायला लागला. मी कॉटवर गुडघ्यावर होते, उशीला धरून. खाली गरम पाण्यात पिळलेला कपडा धरला होता, कात्री हातात घेतलीच नाही. डोकं येताना म्हणाल्या आता जोर नको, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. बाळ थेट माझ्या छातीवर. मांडीत इंजेक्शन दिलं, रक्त जास्त जाऊ नये म्हणून. नाळ लगेच कापली नाही, माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं, ती उडत होती! ती थांबल्यावर कापली. जरा फाटलं होतं, भूल देऊन दोन टाके. वार पडली, ती पूर्ण आली का उलटीसुलटी करून बघितली, आणि नंतर कितीतरी वेळ दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे ना ते बघत होत्या. आत्या त्या हाताकडंच बघत होत्या. मला माहिती आहे त्यांना कोण आठवत होतं.

सिझर वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या चुलत बहिणीचं बीपी वाढलं होतं, सिझरनेच दोघं वाचली. पण सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्वेत देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झालीत आणि सरकारीत १४ टक्के. खाजगीत जाणाऱ्या बायकांची शरीरं काय वेगळी असतात का? कात्रीचंही तसंच, प्रत्येकीला सरसकट लावू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय. आणि सोबत बाईमाणूस थांबू द्यायला तर पैसापण लागत नाही, सरकारी दवाखान्यात ते चालतं हे केंद्राने २०१६ मध्येच कळवलंय. तरी कितीतरी आया अजून बाहेर बाकड्यावरच बसलेल्या असतात. मला याचा राग येतो.

माझ्या धाकट्या जावेला आता सातवा आहे, विट्याला माहेरी जाणार आहे. तिथं मिडवाइफ काही मिळाली नाही. मागच्या तपासणीला आत्या स्वतः तिच्यासोबत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, कळा देताना मी पोरीजवळ थांबणार, आणि तिला चालू-फिरू द्यायचं. डॉक्टर म्हणालेत बघू. पुढच्या बुधवारी परत जायचंय, आत्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की त्या परत विचारणार आहेत.