छतावर सोलर आहे, पण लाइट गेल्यावर?

वादळ, पूर, भूकंप, युद्ध, काहीही होवो, शहरात आधी वीज जाते आणि सगळी भिस्त जनरेटरवर येते. मला या भिस्तीचीच भीती वाटते. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन हॉस्पिटलच्या तळघरात शिरलं आणि जनरेटरची व्यवस्थाच कोलमडली. तीनशेहून जास्त रुग्ण हलवावे लागले. अतिदक्षता विभागातली तान्ही बाळं नर्सनी छातीशी धरून, हाताने श्वासाची पिशवी दाबत, अंधाऱ्या जिन्यावरून खाली आणली. गाझाचं एकमेव वीज केंद्र तर ११ ऑक्टोबर २०२३ ला इंधन संपून बंद पडलं. डिझेल बाहेरून यावं लागतं, आणि संकटात नेमका रस्ताच बंद असतो.

म्हणून हॉस्पिटल, पाण्याचे पंप, निवारा केंद्रं इथे सौरऊर्जा हवीच, असं माझं ठाम मत आहे. पण नुसते पॅनेल लावून भागत नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाइन गेली की स्वतःच बंद होतो. तसा तो मुद्दामच बनवलेला असतो, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. म्हणजे डोक्यावर रणरणतं ऊन आणि खाली वॉर्डात अंधार! ग्रिडपासून वेगळं होऊन चालणारा इन्व्हर्टर, बॅटरी आणि अत्यावश्यक उपकरणांचं स्वतंत्र वायरिंग, हे तिन्ही असेल तरच ती आपत्कालीन वीज.

सगळं हॉस्पिटल त्यावर चालणार नाही, एसी आणि एमआरआय तर नाहीच. पण मिनिटाला पाच लिटर देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॉट घेतो. लसींचा फ्रिज, व्हेंटिलेटर, ऑपरेशन थिएटरमधले दिवे, वायरलेस सेट एवढं तगलं तरी माणसं वाचतात. ढगाळ दिवसांसाठी जनरेटर राहू दे की! दिवसाचा भार सोलरने उचलला तर तेच डिझेल जास्त दिवस पुरतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचं ग्रिड झोपवलं, ते पूर्ण उभं राहायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या काळात आदहुंतास या डोंगरी गावातल्या कासा पुएब्लो संस्थेच्या सोलरवर लोक आपली वैद्यकीय उपकरणं चालवायला येत होते. ती यंत्रणा वादळाच्या आधीपासून तिथे होती, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. संकटानंतर विमानाने पॅनेल पोचेपर्यंत पहिले काही दिवस हातचे गेलेले असतात.

तुमच्या ओळखीचं कोणी हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात असेल तर एवढं विचारा: भर दुपारी मेन स्विच पाडला तर अतिदक्षता विभागात काय काय चालू राहील, आणि हे शेवटचं कधी तपासलं?