इच्छापूर्तीच्या गोष्टी कपाटातून काढू नका

शाळेच्या ग्रुपवर परवा झालेला वाद अजून डोक्यातून जात नाही. साताऱ्याजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने लिहिलं, की पऱ्या, राक्षस, इच्छा पुरवणारे ताईत असली सगळी पुस्तकं तिने वर्गाच्या कपाटातून काढून टाकली. ‘आधीच घरोघरी गंडेदोरे, त्यात शाळेनेही जादू शिकवायची का?’ धडाधड अंगठे आले. मी विरोध केला, तर उत्तर मिळालं, ‘तुला स्टुटगार्टमध्ये बसून बोलायला काय जातंय?’

जातं. म्हणूनच बोलते.

जर्मन लेखक मिखाएल एंडेची ‘न संपणारी गोष्ट’ ही कादंबरी १९७९ साली इथल्याच, स्टुटगार्टच्या प्रकाशकाने छापली. दोन रंगांच्या शाईत: माणसांचं जग लाल, कल्पनेचं हिरवं. बास्टियान हा त्यातला लठ्ठ, वर्गातल्या मुलांनी छळलेला पोरगा. आई गेलेली, वडील अबोल झालेले. पुस्तक वाचता वाचता तो त्या हिरव्या जगात पोचतो आणि त्याला दोन सापांचं पदक मिळतं. मागेल ते मिळेल! देखणेपण मागतो, मिळतं. ताकद मागतो, मिळते. मात्र प्रत्येक इच्छेपायी त्याच्या मूळ जगाची एक आठवण पुसली जाते. आपण लठ्ठ होतो हे तो विसरतो, शाळा विसरतो, शेवटी स्वतःचं नावही. वाटेत एक नगरी लागते. तिथे असेच आलेले लोक अक्षरांचे फासे टाकत बसलेले असतात. आठवणी संपल्या, त्यामुळे आता काही मागताही येत नाही. नुसते फासे टाकायचे, शब्द जुळतोय का बघायचं आणि पुन्हा टाकायचे.

हे वाचून कुठलं मूल गंडा बांधायला धावेल? भोंदूबाबा किंमत लपवतो, ही कादंबरी ती पानोपानी दाखवते. मैत्रिणीचा राग कुठून येतो, हे मला कळतं. दाभोलकर साताऱ्याचेच. ज्या २०१३ साली त्यांचा खून झाला, त्याच साली जादूटोणाविरोधी कायदा आला. ती लढाई खरी आहे, आणि त्यात माझी मैत्रीण रस्त्यावर उतरलेली आहे. पण चेटकीण म्हणून बाईला मारणारी माणसं बालकादंबऱ्या वाचून तयार होत नाहीत.

जर्मनीतही हे होऊन गेलंय. वास्तववादाच्या त्या काळात टीकाकारांनी एंडेला पळपुटा ठरवलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो इटलीत राहायला गेला. आज म्युनिकच्या ब्लूटेनबुर्ग किल्ल्यात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. इथल्या लोकांना शहाणपण आलं. आपण तोच धडा पन्नास वर्षांनी पहिल्या ओळीपासून गिरवतोय, याची मला चीड येते.

लेकीला रात्री हे पुस्तक वाचून दाखवताना त्या फाशांच्या नगरीपाशी माझा आवाज अडला. मीही मागत गेले. ब्लू कार्ड म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, मग घर, मग इथला पासपोर्ट. तो मिळाल्यावर भारताचा परत केला. सगळं मिळालं. आता आई फोनवर गल्लीतल्या कुणाचं तरी नाव घेते, मी ‘हो, हो’ म्हणते, आणि चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. आजीच्या ओव्या लेकीला म्हणून दाखवायला बसले, तर दुसऱ्या ओळीपुढे सरकता येईना.

बास्टियानला परत जायचं असतं तेव्हा त्याला जाब विचारला जातो, सुरू केलेल्या सगळ्या गोष्टी पुऱ्या केल्यास का? त्याने केलेल्या नसतात. तेव्हा त्याचा मित्र आत्रेयू पुढे होतो आणि त्या माझ्या अंगावर घेतो म्हणतो. याच आत्रेयूला बास्टियानने तलवारीने जखमी केलेलं असतं. माझे बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत आमचं घर याच मैत्रिणीने सांभाळलं. तिसऱ्या दिवशीचं सगळं तिनेच पाहिलं.

म्हणून तिच्या कपाटासाठी मी एवढी भांडतेय. तिच्या वर्गातली कितीतरी मुलं उद्या पुण्याला, मुंबईला, त्याही पुढे जातील. ती मागतील आणि त्यांना मिळेलही. मागण्याची गोष्ट कुणीतरी त्यांना त्याआधी सांगायला हवी, आणि ती तिच्यासारख्या बाईंनी सांगितली तर जास्त बरं. इंग्रजी अनुवाद आजच पोस्टात टाकलाय. तो तिने आधी स्वतः वाचावा, मग खुशाल भांडावं.