नट ढिले होणारच म्हणे!

आज परत रोटाव्हेटरची दोन पाती भर रानात गळाली. पाती बदलून आठवडासुद्धा झाला नाही! चार दिवस थांबून कसाबसा वापसा आला, वर ढग दाटलेत, कांद्याचं रोप लागणीला आलंय, आणि मी ढेकळं चाचपत बोल्ट शोधत फिरतोय. एक सापडला. बाकीचे मातीत गेले, ते आता टायरमध्ये घुसतील तेव्हाच दिसतील.

गॅरेजवाल्याला फोन लावला तर म्हणतो, "दादा, रोटर म्हटल्यावर नट ढिले होणारच." होणारच म्हणजे? कंपनीतून आलेली पाती याच रानात दोन हंगाम चालली, एक नट हलला नव्हता. तेव्हा नाही झाले ते?

सापडलेला बोल्ट पुसून बघितला. आट्यांत लालसर भुकटी, दांडा एका अंगाने घासून चकचकीत, आणि डोकं कोरं. त्यावर ताकदीचा आकडा नाही, ना ८.८, ना १०.९. कुठल्या लोखंडाचा केलाय देव जाणे, आणि पैसे मात्र चांगल्या बोल्टचे घेतले! फ्लँजचं, म्हणजे रोटरवरच्या ज्या चकतीला पातं बोल्टानं बसतं तिचं, गोल भोक लांबट झालंय. ती लाल भुकटी सगळं सांगते: पातं आणि फ्लँज किती तरी वेळ एकमेकांवर घासत होते, म्हणजे नट मुळातच कच्चा आवळलेला. बेचाळीस पाती, चौऱ्याऐंशी नट, आणि पठ्ठ्यानं अर्ध्या तासात उरकलं. खाली रंगाचे पापुद्रे, वाळलेली माती तशीच. त्यावरच नवं पातं चढवलं. काम सुरू झालं की तो रंग, ती माती दबते, आणि बोल्टाचा ताण तिथंच संपतो.

कारण बोल्ट धरून ठेवतो तो ताणानं. आवळला की तो केसभर लांबतो, परत आखडायला बघतो, म्हणून दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. आपण पान्यावर लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, ताणाच्या वाट्याला येतो जेमतेम दहावा हिस्सा. मग "माझ्या हाताला अंदाज आहे" हे कशाच्या जोरावर बोलता? तोच नट कोरडा आवळा आणि तोच ग्रीस लावून आवळा, ताण वेगळा येतो. ठरलेल्या जोरानं नट आवळायचा टॉर्क पाना गॅरेजवाल्याच्या भिंतीवर लटकलाय, धूळ खात.

वर आणखी, "स्प्रिंग वायसर टाकलाय की!" अहो, आवळल्यावर तो चपटा होतो, पुढं साध्या वायसरसारखाच. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली दाखवून दिलं की जोड आडवा सरकायला लागला की आट्यांची पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरतो. तसल्या चाचणीत स्प्रिंग वायसर टिकत नाही. आणि रोटाव्हेटरच्या पात्याला तर प्रत्येक फेऱ्यात आडवाच दणका! पन्नास वर्षं उलटली, आमच्याकडं अजून वायसरवरच भिस्त.

नायलॉक नट बसवले तेही जुनेच. आतली नायलॉनची कडी झिजलेली, नट चिमटीनं शेवटपर्यंत फिरतो, मग तो कशाला धरणार? चेक नट, म्हणजे नट हलू नये म्हणून जोडीला लावायचा दुसरा नट, लावतात तोही उलटा. पातळ नट आधी, जाड त्याच्यावर, हे किती जणांना सांगून झालं. आणि शेवटचा उपाय ठरलेला: "वेल्डिंगचा टाका मारू का?" मारा! बोल्टाची ताकद त्या उष्णतेत घालवा, आणि पुढच्या वेळी गॅसनं कापून काढा.

माझी दोन पाती गेली, रानातच गेली. पण हेच हात उसाच्या ट्रॉलीची चाकं बसवतात. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरनं नट परत आवळायचे असतात, हे एकही जण गिऱ्हाइकाला सांगत नाही. भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यावर निखळलं आणि मागून दुचाकीवर कुणाचं लेकरू येत असलं तर? तिथंही "होणारच" म्हणणार का?

उद्या उजाडताच सगळे नट मी स्वतः काढणार आहे. फ्लँज तारेच्या ब्रशनं घासणार, १०.९ चे बोल्ट, कोरे नायलॉक, टॉर्क पाना, आणि प्रत्येक नटावरून पांढऱ्या रंगाची रेघ, म्हणजे हलला की लांबून दिसेल. तासभर चालवून परत एकदा पाना फिरवणार. रात्रीत पाऊस आला नाही तर.