लाटा चमकल्या म्हणून कोळणीला परत पाठवू नका

'कंपन्यांनी समुद्रात फॉस्फरस सोडलाय म्हणून कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, पाण्याला हात लावला की कातडी जळते, मासे खाऊ नका, काजव्याच्या पोटातही तोच फॉस्फरस, आणि एलईडी बल्ब फुटला तर घरभर पारा पसरतो', असा मेसेज फिरतोय. गुहागरला माझ्या आत्याकडे तो पोचला आणि तिने दारावर आलेल्या कोळणीला परत पाठवलं. कुणीतरी बसल्याजागी ठोकलेल्या थापेपायी त्या बाईचा धंदा बुडतो, याचा मला खरंच राग आलाय.

आधी फॉस्फरस. अंधारात चमकतो तो पांढरा फॉस्फरस, आणि तो लॅबमध्ये ठेवतात कुठे, तर पाण्याखाली! कारण हवा लागली की साधारण ३० अंशालाच तो आपोआप पेट घेतो. त्याची चमक हवेतल्या ऑक्सिजनमुळे असते आणि ती हिरवट दिसते. मग पाण्यात बुडालेला फॉस्फरस लाट फुटली की निळा चमकणार आणि लगेच विझणार, हे होईल कसं? आणि खरंच किनाराभर पसरला असता तर ओहोटीला वाळू सुकल्यावर धूर निघाला असता, तो कुणी पाहिलाय का?

चमकतो तो नॉक्टिल्युका, एकाच पेशीचा जीव, जेमतेम मिलिमीटरभर. त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं प्रकाश देणारं रसायन असतं, ल्युसिफरेज नावाच्या एन्झाइममुळे त्याची ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन होते आणि सुटणारी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, त्यात भाजण्यासारखी उष्णता नसतेच. लाट फुटली, वल्हं लागलं, पाय पडला की पेशीला धक्का बसतो आणि ती चमकते, म्हणून तर न हलणारं पाणी काळंच दिसतं. कातडी जळत नाही, फार तर एखाद्याला खाज सुटेल.

आता प्रदूषणाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञानाच्या जर्नलमध्ये हेल्गा गोम्स, जोकिम गोस आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका एवढा का माजतो त्याचं कारण दिलंय: ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं आणि त्यात तो इतरांपेक्षा चांगला तगतो. सांडपाण्यानेही ऑक्सिजन घटतो, तेव्हा तेवढी शंका रास्त. फार दाट झाला तर ऑक्सिजन संपून आणि अमोनिया वाढून मासे मरतात, म्हणून किनाऱ्याला लागलेला मेलेला मासा उचलू नका. पण नॉक्टिल्युका स्वतः माणसाला बाधेल असं विष तयार करतो असं आढळलेलं नाही, मग पाटीतल्या ताज्या बांगड्याने काय घोडं मारलंय?

काजव्याचंही तसंच, ल्युसिफेरिन वेगळं आणि जोडीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन. एटीपीत फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, असतं हे खरं, पण ते आपल्या हाडांतही आहे. मृगाच्या सुमारास पोरांना काजवे खुशाल दाखवा, फक्त बाटलीत भरू देऊ नका.

एलईडीत पारा नसतो. त्यात गॅलियम नायट्राइडची चिप वीज मिळाली की निळा प्रकाश देते आणि वरच्या पिवळ्या थरामुळे तो पांढरा दिसतो, या निळ्या एलईडीला २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय. पारा असतो सीएफएल आणि जुन्या ट्यूबलाइटमध्ये, तोही काही मिलिग्रॅम. ती फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा आणि काचा झाडूने न लोटता जाड कागदाने उचला.